पहाटे साडेपाचचे मैदान : ‘एफ३’च्या व्यायामगटात प्रथमच जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना किंवा साउथ कॅरोलायना राज्यात नोकरीनिमित्त राहायला आलेल्या मराठी माणसाला कधी ना कधी एक चमत्कारिक आमंत्रण मिळते. शेजारी, कार्यालयातील सहकारी किंवा मुलाच्या वर्गमित्राचे वडील सहज विचारतात, की उद्या पहाटे साडेपाचला अमुक शाळेच्या पार्किंगमध्ये येणार का, थोडा व्यायाम करू आणि मग कॉफी पिऊ. विचारणारा मनापासून विचारत असतो आणि ऐकणारा तितक्याच मनापासून गोंधळतो. हा व्यायाम आहे, एखाद्या चर्चचा कार्यक्रम आहे, की दोन्ही, हे त्याला कळत नाही. आणि पहाटे साडेपाचला परक्या देशातल्या काळोखात, अनोळखी वीस पुरुषांबरोबर ओल्या गवतावर जोर काढायला कोणी का जावे, हा प्रश्न तर उरतोच. मी मराठी ख्रिस्ती घरात वाढलो, तरी मलाही पहिल्या वेळी हेच प्रश्न पडले होते. तेव्हा कोणी नीट समजावून सांगितले असते तर बरे झाले असते, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

आमंत्रण कशाचे आहे

बहुतेक वेळा हे आमंत्रण ‘एफ३’ या गटाचे असते. फिटनेस, फेलोशिप आणि फेथ या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. मराठीत शरीरस्वास्थ्य, सहभागिता आणि श्रद्धा असे म्हणता येईल. त्यातला ‘सहभागिता’ हा शब्द मराठी ख्रिस्ती मंडळींत ज्या अर्थाने, म्हणजे एकमेकांच्या सुखदुःखात वाटेकरी होणे या अर्थाने, रुळलेला आहे, त्याच्या अगदी जवळचा अर्थ येथे अभिप्रेत आहे. १ जानेवारी २०११ रोजी, म्हणजे एका शनिवारी सकाळी, नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरात, अलेक्झांडर ग्रॅहम मिडल स्कूलच्या मैदानावर डेव्हिड रेडिंग आणि टिम व्हिटमायर या दोघांनी ही सुरुवात केली. तेथून हे गट कॅरोलायनांत आणि पुढे अमेरिकेच्या बहुतेक भागांत पसरले.

या गटांना बांधून ठेवणारे नियम पाच आहेत. व्यायाम विनामूल्य असतो. तो सर्व पुरुषांना खुला असतो. तो उघड्यावर होतो, मग पाऊस असो, ऊन असो वा हिमकण पडत असोत. तो गटातील माणसेच आळीपाळीने घेतात आणि त्यासाठी कोणत्याही प्रशिक्षणाची वा प्रमाणपत्राची अट नसते. आणि त्याचा शेवट नेहमी एका वर्तुळात उभे राहून होतो. पहिले चार नियम वाचून अनेकांना वाटते, की हा पैसे वाचवणाऱ्यांचा व्यायामवर्ग आहे. पाचवा नियम नसता तर ते खरेच ठरले असते. शेवटच्या काही मिनिटांचे ते वर्तुळ हेच या उपक्रमाचे प्रयोजन आहे आणि आधीचा व्यायाम हा पुरुषांना त्या वर्तुळापर्यंत आणण्याचा मार्ग आहे, असे माझे मत कालांतराने झाले. नवख्या माणसाने व्यायामाची तयारी करावीच, पण वर्तुळाचीही करावी, असे मी म्हणतो ते यामुळेच.

व्यायाम आणि ख्रिस्ती सहभागिता यांची सांगड काही नवी नाही. जॉर्ज विल्यम्स यांनी १८४४ साली लंडनमध्ये वायएमसीए, म्हणजे तरुण ख्रिस्ती पुरुषांची संघटना, स्थापन केली तेव्हा तिचा भर प्रार्थना आणि पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अभ्यासावर होता; व्यायामशाळा आणि खेळ पुढे आले, आणि इतके आले, की बास्केटबॉल १८९१ साली आणि व्हॉलीबॉल १८९५ साली याच संस्थेच्या माणसांनी मॅसॅच्युसेट्समध्ये शोधून काढले. आपल्याकडेही हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासमध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. मात्र वायएमसीएला इमारत लागते, सदस्यत्व लागते, पगारी माणसे लागतात. येथे एक मैदान आणि ठरलेली वेळ पुरते.

श्रद्धेविषयी आधीच स्पष्ट असू द्या

हा गट चर्च नाही. येथे पाळक नसतो, प्रभुभोजन नसते, बाप्तिस्मा नसतो, दानाची थैली फिरत नाही. संघटनेच्या व्याख्येनुसार श्रद्धा म्हणजे स्वतःपेक्षा मोठ्या अशा कशावर तरी विश्वास, आणि त्यात कोणत्याही एका धर्माचे नाव नाही. ही झाली व्याख्या. प्रत्यक्षात कॅरोलायनांतील बहुतेक गटांमध्ये बहुसंख्य पुरुष ख्रिस्ती असतात, त्यातही वैयक्तिक विश्वासावर आणि सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या इव्हँजेलिकल परंपरेतले पुष्कळ असतात, आणि शेवटची प्रार्थना बहुधा येशूच्या नावाने होते. व्याख्या ऐकून गेलेल्या माणसाला हे अनपेक्षित वाटू शकते आणि केवळ प्रार्थना ऐकून गेलेल्याला व्याख्येची कल्पनाच नसते. म्हणून दोन्ही सांगितले.

तुम्ही ख्रिस्ती नसाल, तर जाण्यास काहीच हरकत नाही. कोणी तुमच्याकडून प्रार्थना वदवून घेणार नाही. इतरांनी मान खाली घातली असता शांत उभे राहणे एवढे पुरते; आपल्याकडे दुसऱ्याच्या घरच्या आरतीला आपण जसे उभे राहतो तसेच. आमंत्रण देणाऱ्याला आधीच विचारून घेण्यात संकोच नको. ‘मी हिंदू आहे, शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी मी नुसता उभा राहिलो तर चालेल ना?’ असा सरळ प्रश्न विचारला, की सरळ उत्तर मिळते. उत्तर सरळ मिळाले नाही, किंवा पहिल्याच भेटीत धर्मांतराचा विषय निघाला, तर दुसरी जागा पाहावी. एकाच शहरात अनेक जागा असतात आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा असतो.

तुम्ही ख्रिस्ती असाल, तर वेगळी सावधगिरी हवी. पहाटेच्या वर्तुळात मनमोकळी प्रार्थना झाली, पाठीवर हात ठेवणारी माणसे भेटली, की रविवारच्या उपासनेची गरज उरली नाही असे काहींना वाटू लागते. तसे मानू नये. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायात, म्हाताऱ्या बायका असतात, लहान मुले असतात, न पटणारी माणसे असतात. मैदानावर केवळ आपल्यासारखे, हातपाय धड असलेले पुरुष असतात. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात शारीरिक कसरतीचा उपयोग थोडा आणि सुभक्तीचा उपयोग सर्व बाबतींत, असा भेद केला आहे. हे वचन व्यायाम टाळण्यासाठी वापरणारेही पाहिले आहेत, पण पौलाने उपयोग थोडा म्हटले आहे, शून्य म्हटलेले नाही.

जागा ठरवणे आणि घरी बोलणे

एफ३च्या संकेतस्थळावर सर्व ठिकाणांचा नकाशा आहे. त्यावर प्रत्येक ठिकाणाचा वार, वेळ आणि व्यायामाचा प्रकार दिलेला असतो. ठिकाणाला ‘एओ’ म्हणतात. हा ‘कार्यक्षेत्र’ या अर्थाचा लष्करी शब्द आहे. संस्थापकांपैकी रेडिंग हे सैन्यातून आलेले, त्यामुळे सगळ्या बोलीवर लष्कराची छाप आहे. नोंदीत ‘बूटकॅम्प’ असे लिहिले असेल, तर शरीराच्या वजनाचे व्यायाम आणि थोडे धावणे असा मिश्र प्रकार समजावा. नवख्यासाठी तोच बरा. ‘रक’ असे असेल तर पाठीवर वजनाची पिशवी घेऊन चालायचे असते आणि ‘रन’ असेल तर केवळ धावायचे असते. हे दोन्ही प्रकार पहिल्या दिवसासाठी निवडू नयेत.

आठवड्याच्या दिवशी वेळ सहसा साडेपाच ते सव्वासहा असते, म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. शनिवारी अनेक ठिकाणी सात ते आठ. मी नवख्यांना शनिवारच सुचवतो, कारण त्या दिवशी कार्यालयाची घाई नसते, उजेड लवकर सापडतो आणि व्यायामानंतर माणसे कॉफीसाठी थांबतात.

त्याआधी घरी बोलून ठेवावे. पहाटे पाचला उठून जाणे दिसायला सद्गुणाचे असले, तरी त्या वेळी मुलांचे डबे, शाळेची बस आणि धाकट्याचे रडणे हे सारे पत्नीच्या वाट्याला येते. आठवड्यातले कोणते दोन दिवस आपले आणि कोणते तिचे, हे आधी ठरले तर पुढचे बरेच वाद टळतात. स्त्रियांसाठी ‘फीमेल्स इन अ‍ॅक्शन’ ही याच धर्तीची स्वतंत्र संघटना आहे, हेही लक्षात असावे.

डॉक्टर आणि विमा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि तो वगळून चालणार नाही. दक्षिण आशियाई पुरुषांना हृदयविकार इतरांपेक्षा कमी वयात गाठतो, आणि दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या, पोट सुटलेल्या, पण वजनकाट्यावर ‘ठीक’ दिसणाऱ्या आपल्यासारख्यांना तो धोका जाणवतही नाही. वय चाळिशीपुढे असेल, मधुमेह वा रक्तदाब असेल, घरात कोणाला लवकर हृदयविकार झाला असेल किंवा गेली काही वर्षे व्यायाम अजिबात नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटून पहाटेच्या जोरकस व्यायामाविषयी स्पष्टपणे विचारावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर व्यायामाआधी काय खावे आणि औषधाची वेळ बदलावी का, हेही त्यांनाच विचारावे.

सुरुवातीला व्यायाम घेणारा एक सूचना ठरलेल्या शब्दांत देतो : मी व्यावसायिक प्रशिक्षक नाही, तुम्ही स्वेच्छेने आला आहात, जमत नसेल ते आपल्यापुरते बदलून करा. ही सूचना कानाआड करू नका. गट विनामूल्य आहे याचा दुसरा अर्थ असा, की दुखापत झाली तर खर्च तुमचा किंवा तुमच्या विमा कंपनीचा. सहा महिन्यांसाठी आलेले वडील ‘मीही येतो’ म्हणाले, तर त्यांच्या प्रवासी विम्यात जुन्या आजारांचा समावेश आहे का हे पाहिल्याशिवाय त्यांना नेऊ नये. बहुधा नसतो.

व्यायाम करताना छातीत दाब, जबड्यात वा हातात कळ, थंड घाम, चक्कर किंवा नेहमीपेक्षा निराळी धाप जाणवली, तर त्याच क्षणी थांबून शेजाऱ्याला सांगावे आणि ९११ ला फोन करू द्यावा. पहिल्या दिवशी ईर्ष्येने अति केल्यास आणखी एक धोका असतो : स्नायूंचे तंतू तुटून त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू सुजून असह्य दुखू लागले आणि लघवी कोलासारखी गडद झाली, तर घरगुती उपाय न करता इस्पितळ गाठावे. अंग दुखणे साधे, लघवीचा रंग बदलणे साधे नव्हे.

आदल्या रात्री काय काढून ठेवावे

धावण्याचे बूट, मातीत मळले तरी चालतील असे कपडे, पाण्याची बाटली आणि स्वस्तातले बागकामाचे हातमोजे. हातमोजे विसरू नका. खडबडीत डांबरावर तळहात टेकून जोर काढताना ते का हवेत हे लगेच कळते. शार्लटमध्ये डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, म्हणून कपाळावर बांधायचा दिवा आणि प्रकाश परावर्तित करणारा पट्टा हिवाळ्यात आवश्यक. थंडीत जाड एकच जाकीट घालण्यापेक्षा पातळ दोन-तीन थर घालावेत, कारण दहा मिनिटांत घाम येतो आणि वरचा थर काढावा लागतो. उन्हाळ्यात प्रश्न उलटा : पहाटेही हवा कोकणातल्या मे महिन्यासारखी दमट असते, तेव्हा पाणी रात्रीपासूनच प्यायला लागावे. गाडीत एक कोरडा टॉवेल आणि सदरा ठेवावा. पोटात फार काही नको. अर्धे केळे पुरते.

या पहाटेच्या काळोखाला त्यांच्या बोलीत ‘ग्लूम’ म्हणतात आणि अंथरुणाला एक असभ्य पण चपखल नाव आहे, ते तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळेल.

मैदानावर

पाच-सात मिनिटे आधी पोहोचा. फावड्याच्या दांड्यावर लावलेला अमेरिकेचा झेंडा जमिनीत रोवलेला दिसेल, तीच जागा. काही ठिकाणी आरंभी अमेरिकेच्या ध्वजाची प्रतिज्ञा म्हणतात. तुम्ही भारतीय नागरिक असाल, तर ती म्हणण्याचे कारण नाही. आदराने स्तब्ध उभे राहावे, कोणी त्याबद्दल विचारतही नाही.

व्यायाम घेणाऱ्याला ‘क्यू’, जमलेल्या सर्वांना ‘पॅक्स’ आणि तुम्हाला ‘एफएनजी’ म्हणतात. सैन्यात या आद्याक्षरांचा अर्थ शिवराळ आहे. येथे तो ‘मित्रभावाचा नवा गडी’ असा बदलून घेतला आहे. नवा कोण आहे असे विचारले जाईल, तेव्हा हात वर करावा. लपून राहण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो.

मग अंग मोकळे करण्याचे प्रकार सुरू होतात. येथे मोजण्याची पद्धत समजून घेतली, तर गोंधळ वाचतो. क्यू ‘वन, टू, थ्री’ म्हणतो आणि चौथ्या ठोक्याला सगळे मिळून आवृत्तीचा आकडा ओरडतात. एका जोराला दोन ठोके लागतात, म्हणजे ‘ताला’वर दहा जोर म्हटले, की प्रत्यक्षात वीस होतात. हे मला तिसऱ्या आठवड्यात उमगले. तोवर मी सगळ्यांना गणित येत नाही असे समजत होतो. ‘आपापले’ करा असे सांगितले, तर मात्र दहा म्हणजे दहाच.

नावे विचित्र असली, तरी व्यायाम ओळखीचे आहेत. ‘मर्किन’ म्हणजे साधा जोर. तालमीतला वाकडा, सापासारखा जाणारा जोर नव्हे. ‘साइड स्ट्रॅडल हॉप’ म्हणजे शाळेच्या कवायतीत हात-पाय फाकवून मारलेल्या उड्या. ‘स्क्वॉट’ म्हणजे बैठका, मात्र टाचा जमिनीवर टेकलेल्या. ‘मेरी’ म्हणजे शेवटी पाठीवर पडून केलेले पोटाचे प्रकार. ‘बेअर क्रॉल’ म्हणजे हातापायांवर अस्वलासारखे चालणे. हा प्रकार पाहताना गमतीचा आणि करताना अजिबात गमतीचा नसतो. ‘कूपन’ हा शब्द ऐकून सवलतीची अपेक्षा करू नये. तो सिमेंटचा पोकळ ब्लॉक असतो, साधारण चौदा-पंधरा किलोचा, आणि तो उचलून चालायचे वा डोक्यावर न्यायचे असते. पहिल्या दिवशी कूपन हाती आले, तर कंबरेतून न वाकता गुडघ्यांत बसून उचलावे किंवा सरळ नको म्हणावे.

जोडीने करायचा ‘डोरा’ हा प्रकार बहुतेक ठिकाणी आवडता आहे. दोघांनी मिळून एका व्यायामाच्या शंभर, दुसऱ्याच्या दोनशे आणि तिसऱ्याच्या तीनशे आवृत्त्या पुऱ्या करायच्या. एक जण व्यायाम करतो तेव्हा दुसरा ठरलेल्या खुणेपर्यंत धावून येतो, मग अदलाबदल. यात नवख्याची सोय अशी, की संख्या दोघांची मिळून असते; तुमचे वीस झाले तर जोडीदाराचे ऐंशी होतात आणि त्याबद्दल तो कुरकुरत नाही. हाच या व्यायामाचा संस्कार आहे. मागे पडलेल्याला ‘सिक्स’ म्हणतात, आणि पुढचे धावणारे पोहोचल्यावर उलट फिरून त्याच्यापाशी येतात व त्याच्याबरोबर पुन्हा तेवढेच अंतर धावतात. आपल्याला सवय असते शेवटी राहिलेल्याने ओशाळून घरी जाण्याची. येथे पहिल्या काही वेळा कोणीतरी आपल्यासाठी मागे येते, तेव्हा ओशाळणे सोडून त्याच्या पावलाशी पाऊल जुळवणे, एवढेच शिकावे लागते. बायबलमधील उपदेशकाच्या पुस्तकातील चौथ्या अध्यायात एकट्याने पडणाऱ्याला उठवणारा कोणी नसतो, असे म्हटले आहे. त्याचा अर्थ मला प्रवचनापेक्षा एका चढावर अधिक नीट कळला.

वर्तुळ

ठरलेल्या वेळेच्या काही मिनिटे आधी सगळे झेंड्यापाशी परततात आणि गोल उभे राहतात. याचे नाव ‘सर्कल ऑफ ट्रस्ट’. आधी डोकी मोजतात, काळोखात कोणी मागे राहिला नाही ना याची ती खात्री असते. मग प्रत्येक जण आपले खरे नाव, वय आणि टोपणनाव सांगतो. खऱ्या नावाला ते ‘हॉस्पिटल नेम’ म्हणतात, म्हणजे जन्माच्या वेळी इस्पितळात लिहिले गेले ते. पन्नाशी ओलांडलेल्याने वय सांगितले, की सगळे एका सुरात ‘रिस्पेक्ट’ असे ओरडतात. तिशीच्या आतल्याला गमतीने ‘हेट’ असे ऐकावे लागते.

तुमची पाळी शेवटी येते. तुम्हाला मध्ये उभे करून गाव, शिक्षण, नोकरी, लहानपणची फजिती असले काही विचारतात आणि त्यातून टोपणनाव ठेवतात. ते बहुधा थट्टेचे असते आणि एकदा पडले की बदलत नाही. नाव संपूर्ण सांगायची घाई करू नका. आपले तीन पदरी नाव ऐकून ते गोंधळतात. गावाची एखादी गोष्ट सांगा, नाव तिच्यातून निघू द्या. मात्र ठेवलेले नाव तुमच्या वर्णावर, उच्चारांवर किंवा देशावर बेतलेले असून खटकत असेल, तर हसून सोडून देऊ नका. तिथल्या तिथे ‘हे नको, दुसरे ठेवा’ असे सांगा. पहिल्याच मिनिटाला सांगितले तर ते लगेच बदलतात. महिन्याभराने सांगितले तर सर्वांनाच अवघड होते.

यानंतर सूचना होतात आणि मग वर्तुळाचा गाभा येतो. कोणासाठी प्रार्थना हवी आहे, असे विचारले जाते. येथे प्रथमच येणारा मराठी माणूस चकित होतो. आत्ता ज्याने शंभर जोर काढले तोच पुरुष आईच्या कर्करोगाबद्दल, गेलेल्या नोकरीबद्दल, दारू सोडल्याच्या नव्वदाव्या दिवसाबद्दल दोन वाक्यांत सांगतो. कोणी सल्ला देत नाही, कोणी ‘होईल सगळे ठीक’ म्हणत नाही. एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून सगळे जवळ येतात, आणि क्यू किंवा त्याने विनंती केलेला कोणी प्रार्थना करतो. मला वाटते, धाप लागलेल्या माणसाला सोंग आणणे कठीण जाते, म्हणून हे व्यायामाच्या आधी नसते.

पहिल्या दिवशी तुम्ही काहीही सांगण्याची गरज नाही. बोलावेसे वाटले, तर थोडक्यात बोलावे. ‘गावी वडील आजारी आहेत’ एवढेही पुरे. प्रार्थनेची भाषा अनौपचारिक असते. छापील उपासनापद्धतीत वाढलेल्यांना ती प्रथम उथळ वाटेल, तेव्हा शब्दांवर लक्ष न ठेवता कोणाचे नाव घेतले जात आहे याकडे लक्ष द्यावे. पाठ थोपटणे, मिठी मारणे हेही होते. नको असेल तर हात पुढे करावा, समोरचा समजतो.

एक नियम मात्र कडक पाळावा : वर्तुळातले वर्तुळात. कोणाचा घटस्फोट चालू आहे, कोणाची नोकरी गेली, हे रविवारच्या मराठी मंडळाच्या जेवणात बोलण्याचे विषय नव्हेत. विशेषतः कार्यालयातला सहकारी त्याच वर्तुळात असेल, तर दोन्ही जागा मनात वेगळ्या ठेवण्याचा सराव करावा लागतो. तुम्ही स्वतः व्हिसाविषयी किंवा नोकरीविषयी काही सांगणार असाल, तर ऐकणाऱ्यांत कोण आहे याचे भान ठेवून सांगा. विश्वास चांगला, पण तो एका सकाळीत पुरा होत नाही. व्यायामाचा वृत्तांत आणि छायाचित्र नंतर गटाच्या संदेशवाहिनीवर टाकले जाते. छायाचित्रात यायचे नसेल, तर बाजूला उभे राहून छायाचित्र काढून देण्याचे काम मागून घ्यावे.

पुढचे आठवडे

कॉफीला थांबा. येथे व्यायामापेक्षा जास्त ओळखी होतात, आणि मुलांची शाळा, घराचे कर्ज, चांगला दंतवैद्य, बर्फात गाडी कशी चालवावी, अशा प्रश्नांची उत्तरे मिळतात, जी आपल्या देशी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर चाळीस परस्परविरोधी संदेशांच्या रूपाने येतात. काही गट कॉफीच्या वेळी पवित्र शास्त्राचा छोटा अभ्यासही करतात. तो ‘तिसरा एफ’, म्हणजे श्रद्धा. त्याला जाणे पूर्णतः ऐच्छिक आहे. सेवेचे उपक्रमही असतात, जसे अन्नवाटप किंवा एखाद्या विधवेच्या घराची डागडुजी; ज्यांना प्रार्थनेत सहभागी व्हायचे नाही, त्यांना मित्रत्व दृढ करायला ही उत्तम जागा.

पहिला महिना आठवड्यातून दोनच दिवस जा. तिसऱ्या दिवसाचा मोह होईल, पण गुडघ्यांना आणि घरच्यांना थोडी सवड हवी. येणार म्हणून नक्की सांगितले असेल, तर जावे. कारण तुम्हाला घ्यायला कोणीतरी कोपऱ्यावर गाडी घेऊन थांबलेला असतो. कामानिमित्त दुसऱ्या शहरी गेलात, तर तेथील नकाशा पाहून तिथल्या गटात जाता येते. अनोळखी शहरात हॉटेलच्या खोलीत एकटे जागे होण्यापेक्षा ते कितीतरी बरे असते.

तुमची पाळी

दोन-तीन महिन्यांत कोणीतरी विचारेल, ‘पुढच्या मंगळवारी तू घेतोस का?’ नाही म्हणू नका. प्रशिक्षण नसणे हीच येथील अट आहे. कागदावर योजना लिहा : आठ मिनिटे अंग मोकळे करणे, पंचवीस मिनिटांचा मुख्य भाग, पाच मिनिटे पोटाचे व्यायाम, उरलेली वर्तुळाला. सूचना देताना आकडा आधी आणि व्यायामाचे नाव नंतर सांगू नका. उलट करा, म्हणजे माणसे तयार असतात. आपल्या जोर-बैठका आणि सूर्यनमस्काराचे एखादे आवर्तन घालायला हरकत नाही. हनुमान जोर काढायला लावले, तर ‘मर्किन’वाल्यांची जिरते. मात्र सूर्यनमस्काराची नावे मंत्रासह म्हणायला सांगू नका. ज्यांच्या प्रार्थनेत नुसते उभे राहण्याची मुभा तुम्ही मागितली होती, त्यांनाही तीच मुभा द्यावी लागते. घड्याळ पाहत राहा, कारण सव्वासहाला संपणारा व्यायाम सहा-वीसला संपला तर तुमची कीर्ती तेवढ्याने होते.

शेवटची प्रार्थना स्वतः करायची, की दुसऱ्याला सांगायची, हे तुमच्यावर असते. इंग्रजीत शब्द सुचत नाहीत म्हणून मी पहिल्या वेळी दुसऱ्याला सांगितले. दुसऱ्या वेळी मराठीत केली. कोणालाही एक अक्षर कळले नाही आणि कोणी तक्रारही केली नाही. तुम्हीही मराठीत करणार असाल, तर संपल्यावर ‘आमेन’ जरा मोठ्याने म्हणा, म्हणजे डोळे कधी उघडायचे ते त्यांना समजेल.